आधी खिसा, मग साखळी, शेवटी घड्याळ

खिशातलं घड्याळ घ्यायचं मनात आलं की बहुतेक जण थेट घड्याळ शोधायला लागतात. मोबाइलवर ढीगभर फोटो बघतात, नक्षीदार झाकणाचं एखादं डोळ्यांत भरतं, ते घरी येतं आणि मग प्रश्न पडतो, हे ठेवायचं कुठे? शर्टाच्या खिशात ठेवलं तर वाकल्याबरोबर बाहेर येतं. पँटच्या खिशात किल्ल्या आणि सुट्टे पैसे त्याची काच खरवडतात. आठवडाभरात ते कपाटात जातं आणि तिथेच राहतं.

म्हणून मी नवख्या माणसाला क्रम उलटा सांगतो. घड्याळ राहणार कुठे ते आधी ठरवा. ते कशाने बांधणार ते त्यानंतर. घड्याळासाठी पैसे सगळ्यात शेवटी काढा. जे घड्याळ सहज निघतं, सहज परत जातं आणि रोज वापरात असतं, तेच अंगावर शोभतं.

खिसा

इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६६६ मध्ये दरबारात जाकीट रूढ केलं. तोवर गळ्यात किंवा कमरेला लोंबणारं घड्याळ पुढे हळूहळू त्या जाकिटाच्या खिशात शिरलं. खिशात बसायचं म्हणून ते चपटं झालं, त्याच्या कडा गोलसर झाल्या. आपल्याकडच्या जुन्या फोटोंतही, डोक्यावर पगडी असो की फेटा, कोटाच्या बटणापासून खिशापर्यंत गेलेली साखळीची कमान दिसते.

आज सुटाखाली जाकीट घालणारे थोडे. पण नेहरू जाकीट घराघरांत आहे आणि मला विचाराल तर मराठी माणसाला सुरुवातीसाठी त्याच्यासारखी सोय नाही. फक्त एक बघा. रेडिमेड जाकिटाचे खिसे पुष्कळदा नुसते दाखवायचे असतात, वर पट्टी आणि आत काहीच नाही. खिसा असला तरी तो रुमालाच्या मापाचा असतो. टेलरकडे जा आणि घड्याळाच्या मापाने आतली पिशवी शिवून घ्या. हिशोब सोपा आहे: घड्याळाची रुंदी अधिक जाडी, त्यावर अर्धा सेंटीमीटर सैल. साधारण ५० मिलिमीटर रुंद आणि १५ मिलिमीटर जाड घड्याळाला सात सेंटीमीटर रुंदीचा खिसा लागतो. खोली आठ सेंटीमीटर ठेवा, म्हणजे वरची कडी खिशाच्या काठाच्या किंचित खाली राहते आणि दोन बोटांनी पकडता येते. अस्तर सुती घ्या. गुळगुळीत सॅटिनमधून घड्याळ वाकताना घरंगळतं.

कुडत्याचा बगलेचा खिसा खोल आणि सैल असतो. त्यात घड्याळ चालताना मांडीवर आपटत राहतं. त्याच खिशाच्या आत, वरच्या बाजूला, वरच्याच मापाचा चोरखिसा शिवून घ्या. टेलरला पंधरा मिनिटांचं काम आहे आणि बाहेरून काही कळतही नाही.

जीन्सच्या उजव्या खिशातला तो छोटा खिसा मुळात घड्याळासाठीच होता. १८७३ साली लीवाय स्ट्रॉसच्या पँटला तो घड्याळाचा खिसा म्हणूनच आला. पण आजच्या जीन्समध्ये मोठं घड्याळ तिथे कसंबसं जातं आणि खाली बसलं की त्याच्यावर दाब येतो. जीन्सवरच घालायचं असेल तर चाळीस-बेचाळीस मिलिमीटरचं पातळ घड्याळ शोधा. १९२०-३० च्या दशकांत अशी पुष्कळ बनली.

खिसाच नसेल तर? गांधीजींचे फोटो बघा. अंगात सदरा नाही, खिसा नाही, तरी कमरेला पंचावर घड्याळ अडकवलेलं असतं. त्यांचं एक झेनिथ कंपनीचं घड्याळ २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात चष्मा आणि चपलांसोबत गेलं, तेव्हा साऱ्या जगाने ते पाहिलं. साधं, पांढऱ्या डायलचं, रोजच्या वापरातलं. अंगावरच्या बाकी कपड्यांइतकंच साधं घड्याळ कसं शोभतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

साडीवर घालायचं असेल तर आपल्याकडे सोय आधीपासून आहे. कमरेला खोचायचा चांदीचा छल्ला, ज्याला बायका चाव्या अडकवत, त्याच्या आकड्याला छोटं घड्याळ फार देखणं दिसतं. दुसरा मार्ग पदराच्या पिनेचा. नर्स छातीवर लावतात तशा घड्याळाचा डायल उलटा टांगलेला असतो, त्यामुळे मान खाली घातली की घालणारीला तो सरळ दिसतो. मात्र हे घड्याळ हलकं हवं, नाहीतर पदर ओढला जातो.

साखळी

साखळीला लोक दागिना समजतात आणि घड्याळाबरोबर जी फुकट येते तीच लावतात. खरं तर साखळी हा घड्याळाचा विमा आहे. जुन्या घड्याळांत बॅलन्स व्हीलचा, म्हणजे झुलून वेळ राखणाऱ्या चाकाचा, दांडा केसासारख्या बारीक टोकांवर फिरतो. धक्का झेलणारी इनकाब्लॉकसारखी व्यवस्था १९३० च्या दशकात आली, त्याआधीच्या घड्याळांत ती नसते. असं घड्याळ कमरेएवढ्या उंचीवरून फरशीवर पडलं की ते टोक मोडतं आणि नवा दांडा बसवणारा माणूस सहजी सापडत नाही.

जाकिटासाठी घ्यायची ती अल्बर्ट साखळी. व्हिक्टोरिया राणीच्या नवऱ्याचं नाव तिला पडलंय. एका टोकाला आडवी दांडी असते, ती जाकिटाच्या काजातून आत घालून आडवी करायची. दुसऱ्या टोकाचा स्प्रिंगचा हूक घड्याळाच्या कडीत. दोन्ही खिशांपर्यंत जाणारी दुहेरी अल्बर्टही मिळते, तिच्या दुसऱ्या टोकाला पूर्वी चावी किंवा काडेपेटीची डबी असायची. नवख्याने एकेरीच घ्यावी.

लांबीसाठी दोरा घ्या. एक टोक काजाशी धरा, खिशाच्या तळापर्यंत न्या, मग हातात घड्याळ धरल्यासारखं करून डोळ्यांसमोर वाचता येईल इतकी ढील ठेवा. बहुतेकांना पंचवीस ते तीस सेंटीमीटर पुरते. काज निवडताना खिशाच्या रेषेत किंवा एक बटण वरचं निवडा. सगळ्यात खालचं कधीच नको, कारण सुटाच्या जाकिटाचं शेवटचं बटण उघडं ठेवतात. साखळी पोटावर उथळ कमानीसारखी पडली पाहिजे. ताणलेली असेल तर श्वास घेताना खेचली जाते, फार लोंबत असेल तर टेबलाच्या कोपऱ्यात अडकते.

बाजारातल्या स्वस्त साखळ्यांना चुंबक लावून बघा. चिकटली तर आत लोखंड आहे, पावसाळ्यात गंज धरणार आणि पांढऱ्या कुडत्यावर डाग पडणार. कड्यांचे जोड नखाने चाचपा. जोड झाळलेला नसून नुसता दाबलेला असेल तर ती साखळी एका झटक्यात उघडते.

माझी शिफारस चांदीची साखळी बनवून घ्यायची आहे. कोल्हापूरजवळच्या हुपरीत पैंजण आणि कमरपट्ट्यांच्या कड्या जोडण्यात पिढ्या गेल्यात. असे हात असलेला सराफ तुमच्याही गावात असतो. ९२.५ टक्क्यांची चांदी सांगा, शुद्ध चांदी रोजच्या ओढीला मऊ पडते. दांडीचा आणि हुकाचा फोटो दाखवा, बाकी तो समजून घेतो.

कुडत्यावर साखळीऐवजी रेशमी किंवा सुती गोफ लावा. काळा किंवा गडद मरून. जीन्सवर चामड्याची पट्टी, जी पट्ट्याला अडकते. आणि बंद गळ्याच्या कोटावर जरीकाम किंवा भरतकाम असेल तर साखळी लावूच नका, कड्यांत धागे अडकतात आणि शेरवानी खराब होते. नवरदेवाला हौस असेल तर कोट साधा शिवावा आणि साखळीला दिसू द्यावं.

घड्याळ

आता दुकानात जा.

पहिला निर्णय, उघडं की झाकणाचं. उघड्या डायलच्या घड्याळात चावी, म्हणजे फिरवायची मूठ, बाराच्या वर असते. झाकणाच्या घड्याळाला इंग्रजीत हंटर म्हणतात आणि त्यात चावी तीनच्या बाजूला येते, कारण झाकणाची बिजागरी नऊशी असते. झाकणाच्या मधोमध खिडकी असलेलं अर्धं हंटरही असतं. नवख्यांना झाकण उघडायचं भारी आकर्षण असतं, ते मला समजतं. पण रोजच्या वापराला उघडंच घ्या. पातळ असतं, एका हाताने वाचता येतं, बिजागरी झिजायची काळजी नाही.

दुसरा निर्णय, सेल की चावी. कॉलेजात किंवा एखाद्या समारंभापुरतं हवं असेल तर सेलवरचं ठीक आहे, फक्त डायल स्वच्छ बघा, कवट्या आणि ड्रॅगन टाळा. पण या घड्याळाचा खरा आनंद सकाळच्या चावीत आणि कानाला लावल्यावर येणाऱ्या टिकटिकीत आहे. शक्य असेल त्याने चावीचंच घ्यावं.

पहिलं चावीचं घड्याळ म्हणून रशियाच्या चेल्याबिन्स्कचं मोल्निया बघा. १८ ज्वेल्सचं (दांड्यांची टोकं ज्यांत फिरतात ते बारीक खडे), दणकट मशीन, लाखोंनी बनलेलं. आपल्या एचएमटीनेही चावीची खिशातली घड्याळं काढली. बंगळुरूचा हा कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने सुरू झाला होता. एचएमटीचा मोठा फायदा असा की गावोगावचे कारागीर ती मशीन ओळखतात. पण रंगीबेरंगी नवेकोरे डायल असलेली जी एचएमटी दिसतात, त्यांतली पुष्कळशी जुन्या मशीनवर नवा डायल रंगवून विकलेली असतात.

रेल्वेच्या घड्याळांची गोष्ट वेगळी आणि माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याची. १९ एप्रिल १८९१ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यात किप्टन इथे दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. एका ड्रायव्हरचं घड्याळ चार मिनिटं बंद पडून पुन्हा चालू झालं होतं. त्यानंतर वेब बॉल नावाच्या जवाहिऱ्याकडे घड्याळांचे नियम घालायचं काम आलं. त्या काळात ठरत गेलेले नियम असे: डायल उघडा, आकडे ठळक, किमान १७ ज्वेल्स, पाच वेगवेगळ्या स्थितींत जुळवलेलं, आणि आठवड्याला तीस सेकंदांपेक्षा जास्त फरक नाही. हॅमिल्टन, वॉल्थम, एल्जिन, इलिनॉय या अमेरिकन कंपन्यांची ती घड्याळं आजही सुंदर चालतात. त्यांची वेळ लावायची रीत निराळी आहे. पुढची काच फिरवून काढायची, कडेची बारीक पट्टी नखाने ओढायची, मग चावी फिरवून काटे हलवायचे. खिशात चुकून चावी ओढली जाऊन वेळ बदलू नये म्हणून ही खबरदारी.

मुंबईच्या रेल्वे कर्मचाऱ्याला तर खिशात घड्याळ हवंच होतं. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तरी शहराने स्वतःची बॉम्बे टाइम १९५५ पर्यंत सांभाळली, ती ३९ मिनिटं मागे. फाव्र-ल्यूबा आणि वेस्ट एंड यांसारखी घड्याळांची नावं या शहरात त्याच्याही आधीपासून रुजलेली, आणि वेस्ट एंडचं एखादं घड्याळ आजही जुन्या सामानातून निघतं. मात्र झाकणावर इंजिन कोरलं म्हणजे ते रेल्वेचं घड्याळ होत नाही. साध्यात साध्या मशीनवरही इंजिन कोरून विकत असत.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मुंबईला मटन स्ट्रीटचा चोरबाजार आहे. तिथे जाल तर हातात भिंग आणि मनात सबुरी ठेवा. मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा. नकार मिळाला तर पुढे चला. आत गंजाचे लाल डाग, स्क्रूच्या खाचा ओरबाडलेल्या, किंवा मशीन बाहेरच्या धातूच्या कवचात, म्हणजे केसमध्ये, डुगडुगणारं असेल तर नको. चावीला दोनच आटे द्या आणि बॅलन्स व्हील बघा, ते दोन्हीकडे मोकळं, लयीत झुललं पाहिजे. घड्याळ उताणं, पालथं आणि उभं धरून तेच पुन्हा बघा. एका स्थितीत झोका फारच मंदावत असेल तर दांडा झिजलेला असू शकतो. डायल पांढऱ्या मिन्याचा असेल तर उजेडात तिरपा धरा, केसासारख्या बारीक चिरा लगेच दिसतात. एखाद्या चिरेने काही बिघडत नाही, पण किंमत मात्र त्याप्रमाणे बोला. डायलवर मोठं स्विस नाव आणि मशीनवर काहीच नाव नाही, असं असेल तर ते नाव रंगवलेलं आहे असं धरून चाला.

धातूबद्दल एवढंच: केसवर ‘२० वर्षांची हमी’ असा छाप असेल तर ते भरीव सोनं नाही, वर सोन्याचा पातळ पत्रा आहे. निकेल सिल्व्हर म्हणजे आपलं जर्मन सिल्व्हर, त्यात चांदी नावालाही नाही.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश लष्कराची, मागे बाण कोरलेली काळ्या डायलची घड्याळं आपल्याकडे बरीच दिसतात. त्यांच्या आकड्यांवरचा पिवळट-तपकिरी रंग खरोखरीचा रेडियमचा असू शकतो. तो चमकायचा थांबला तरी किरणोत्सार थांबत नाही. अशा घड्याळाची काच घरी उघडू नका, तो रंग खरवडू नका, आणि मुलांच्या हातात तर देऊच नका.

हाताळणं

चावी रोज, शक्यतो सकाळी, एकाच वेळेला. घड्याळ खिशातून काढून, कोरड्या हाताने, हळू. बोटाला घट्ट लागलं की थांबा. जास्त चावी दिल्याने घड्याळ बिघडतं असं लोक म्हणतात, पण निरोगी घड्याळाला पूर्ण चावी दिल्याने काही होत नाही. घट्ट लागल्यावर जोर लावणं मात्र वाईट.

हंटरचं झाकण कटकन मिटायचं नाही, ते सिनेमात. चावी दाबून धरायची, झाकण हलकेच टेकवायचं, मग चावी सोडायची. खिट्टीची धार त्यामुळे टिकते.

घड्याळ ज्या हाताने लिहिता त्याच्या उलट बाजूच्या खिशात ठेवा. म्हणजे डाव्या हाताने काढून बघता येतं आणि उजव्या हातातलं पेन किंवा चहाचा कप खाली ठेवावा लागत नाही. काच अंगाच्या बाजूला. बाहेरून टेबलाचा धक्का बसला तर तो मागच्या झाकणाला बसेल. त्याच खिशात दुसरं काहीही नको, नाणंसुद्धा. मनगटावर दुसरं घड्याळ त्या दिवशी नको.

समोरचा माणूस बोलत असताना ते काढू नका. मनगटाकडे टाकलेली चोरटी नजर खपून जाते, पण खिशातून घड्याळ काढणं सगळ्यांना दिसतं आणि ‘आता आवरा’ असाच त्याचा अर्थ लागतो. लोकलच्या गर्दीत साखळी काजातून काढून घड्याळासकट चोरखिशात टाका. बॅगांच्या बंदांत ती अडकते, शिवाय चोराला पत्ता सांगते.

निगा

ही घड्याळं पाण्याची नाहीत. जुन्यांना रबराची चकती नसते, त्यामुळे कोकणातल्या किंवा मुंबईच्या जुलैत हवेतला ओलावाही आत शिरतो. वापरात नसेल तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. रात्री ते खुंटीवर किंवा स्टँडवर उभं टांगा, दिवसा खिशात उभंच असतं, म्हणून चाल सारखी राहते.

तीन ते पाच वर्षांनी सफाई आणि तेल. घड्याळजीकडे गेल्यावर विचारा की मशीन पूर्ण उघडून साफ करणार की वरून तेल सोडणार. वरून सोडलेलं तेल जुन्या मळात मिसळून घासणारी पेस्ट होते आणि दांडे झिजवते. पूर्ण उघडणार असेल तरच द्या.

घड्याळ एकाएकी दिवसाला कित्येक मिनिटं पुढे जायला लागलं तर घाबरू नका. बहुधा त्याला चुंबक लागलंय. मोबाइलचं चुंबकाने मिटणारं कव्हर, स्पीकर, लॅपटॉपचं झाकण, यांपैकी काहीतरी जवळ आलं असेल. केसाइतक्या बारीक हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि बॅलन्सचे झोके जलद पडतात. घड्याळाशेजारी छोटं होकायंत्र धरा, सुई हलली की खात्री झाली. दुकानात यंत्रावर चुंबक उतरवायला काही सेकंद लागतात. त्यासाठी कुणी मशीन उघडायचे पैसे मागितले तर आधी चुंबक उतरवून बघा म्हणावं, आणि पुढचे दोन दिवस मोबाइलच्या वेळेशी रोज एकाच वेळी ताडून फरक लिहून ठेवा.